सत्तावीस पुतळ्या

मंजुळाबाई माळ विकायला कल्याणला निघाल्या, त्या दिवशी घरात त्यांनी सांगितलं की डोळे तपासायला चालले. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. सहासष्टाव्या वर्षीही बाई ओट्यावर बसल्या बसल्या गल्लीच्या टोकाला कुणाची सून कुणाच्या स्कूटरवरून उतरली ते अचूक सांगतात. पण दोन मुलांच्या आईला खोटं बोलायला डोळे, गुडघे आणि देवदर्शन एवढीच तीन कारणं असतात, आणि गुडघे त्यांनी मागच्याच महिन्यात वापरले होते. कापडी पिशवीच्या तळाला रुमालात बांधलेली माळ, तिच्यावर चष्म्याची रिकामी डबी, सगळ्यात वर मेथीची जुडी, अशा थाटात त्या रिक्षात बसल्या.

माळ पुतळ्यांची होती. नाण्याएवढ्या, बाईचं चित्र उठवलेल्या सोन्याच्या सत्तावीस चकत्या, लाल रेशमी दोऱ्यात ओवलेल्या. सासूला ती तिच्या सासूकडून आली आणि सासूकडून मंजुळाबाईंकडे. रीत अशी की माळ मोठ्या सुनेकडे जाते. ही रीत कधी कुणाला खुपली नाही, कारण त्या घरात प्रत्येक पिढीला मुलगा एकच जगला. मंजुळाबाईंना देवाने दोन दिले, आणि दोघेही धडधाकट.

गाव डोंबिवलीच्या मानपाडा रोडच्या आत, कारखान्यांच्या मागे. आगऱ्यांचं जुनं गाव. भातशेती होती, खाडीकडे मिठागरं होती. आता शेतात वीस-वीस मजले उभे आहेत. मंजुळाबाईंचे यजमान दामाजी जमीन विकताना शहाणपणाने वागले. तीन मजल्यांचं घर बांधलं. तळमजला स्वतःला, पहिला थोरल्या मितेशला, दुसरा धाकट्या हितेशला. राहिलेला पैसा जिवंतपणीच दोघांत सारखा वाटला. "माझ्या माघारी भांडायला काय ठेवणार नाय," असं ते चारचौघांत छाती पुढे काढून सांगत. माळ बायकांची वस्तू, म्हणून त्यांनी ती वाटणीत धरलीच नाही. दामाजींचं शहाणपण तिथे संपलं.

त्यांच्या बाराव्याला, पाहुणे अजून पानावर होते तेव्हा, धाकटी सून मनाली म्हणाली, "दोन महिने हॉस्पिटलमध्ये बाबांच्या उशाशी मी बसलेली. तेव्हा मोठी सून कोण, हे कुणी विचारलं नाही." तिचं काही चूक नव्हतं. थोरली प्राप्ती म्हणाली, "माझं पोट फाडलेलं होतं तेव्हा, मी काय झोपा काढत होते?" तिचंही चूक नव्हतं. बायका बोलून मोकळ्या झाल्या आणि चार दिवसांनी एकमेकींकडे कोथिंबीरही मागायला लागल्या. पण पुरुषांनी ते धरून ठेवलं. दोन वर्षं झाली, मितेश आणि हितेश एका जिन्याने वर-खाली करतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. थोरल्याच्या दारावरून जाताना हितेश मोबाईल कानाला लावतो. पलीकडे कुणी असो नसो.

आता मितेशची समृद्धी लग्नाला उभी होती. घोडबंदर रोडला एका ऑफिसात नोकरी करणारी, इंग्रजीत भांडणारी पोर, पण लहानपणी गावची जत्रा तिने पाहिली ती काकाच्या खांद्यावर बसून. तिने सरळ सांगून टाकलं, "काका हळदीला येणार नसेल तर मी पाटावर बसणार नाही. बघा तुमचं तुम्ही." मंजुळाबाई दुसरा मजला चढून गेल्या. हितेशने आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा मोठा केला आणि मग म्हणाला, "आये, माळ मोडायची. अर्धे त्याला, अर्धे मला. मग मी हळदीला येतो, नाचतो, जेवणाचं काय असेल ते बघतो. नायतर मी त्या दिवशी गावातच नसेन."

हळद तीन आठवड्यांवर आली होती.

खरं सांगायचं तर माळ मोडायला मंजुळाबाईंना फारसं जड गेलं नाही. त्या माळेवर त्यांचा राग होता, आणि तो चाळीस वर्षं जुना होता. लग्न होऊन आल्या तेव्हा माळेत अकरा पुतळ्या होत्या. जाड, दणदणीत, हातावर घेतली की वजन कळायचं. मग दर दोन-तीन वर्षांनी तिच्यात एखादी पुतळी वाढायची. पातळशी, नवी. कुठून आली, ते सासू सांगायची नाही. त्या काळात घरात दोन म्हशी होत्या. पहाटे उठून दूध काढायच्या मंजुळाबाई, डोंबिवलीत घरोघर घालायच्या मंजुळाबाई, आणि पैसे सासूच्या कनवटीला. आता सांगा, ह्यावरून माणूस काय समजेल? मंजुळाबाई तेच समजल्या. आपल्या दुधाच्या पैशांच्या पुतळ्या करून डोकरी स्वतःच्या पेटीत टाकते, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि सासू मरेपर्यंत तिला कधी मनापासून आये म्हटलं नाही.

कल्याणच्या सराफ गल्लीत प्रेमशेठची पेढी आहे. बाहेर पाटी छोटी, आत गादी, काच, आणि हल्ली एक मशीन. दागिना ठेवला की त्यात सोनं किती आणि तांबं किती ते आकड्यात येतं. दागिने गहाण ठेवून घेणं आणि जुने विकत घेणं हा तीन पिढ्यांचा धंदा. प्रेमशेठचं मराठी कल्याणचंच, मध्येमध्ये हिंदी. येणाऱ्या बाईचं तोंड बघून तिला आधी पाणी द्यायचं की आधी भाव सांगायचा, हे त्यांना बरोबर कळतं. मंजुळाबाईंना त्यांनी पाणी दिलं.

"विकायचीये की ठेवायचीये, मावशी?"

"विकायची. दोन पोरं हायत, माळ एक."

प्रेमशेठने मान डोलावली. अशी माळ, असा कंबरपट्टा, अशी चांदीची ताटं त्यांच्याकडे रोज येत. वारस वाढले की दागिना त्यांच्याकडे चालत येतो, ह्यात त्यांना नवल नव्हतं. त्यांनी दोरा न काढता एकेक पुतळी मशीनखाली धरली. पहिल्या अकरा झाल्या. बाराव्या पुतळीला ते थांबले, तेराव्याला चष्मा पुसला. सत्तावीस होईपर्यंत चहा निवला.

"मावशी, राग नका मानू. ह्या अकरा एका हाताच्या. जुना माल, अस्सल. पण बाकीच्या सोळा... एकीचा टंच, म्हणजे सोन्याचा कस, दुसरीशी जमत नाही. शिक्के वेगळे, कडी वेगळी. सोळा पुतळ्या सोळा सोनारांनी केल्यात. एका घरातली वस्तू अशी नसते."

"म्हणजे? मी चोरून आणली?"

"असं कुठं बोललो मी?" प्रेमशेठने हात जोडले. "पण पावती तुमच्याकडे नाही. उद्या पोलीस आला तर मला दाखवायला काहीतरी पाहिजे. एक जुना फोटो आणा, माळ गळ्यात घातलेला. दोन्ही मुलांच्या सह्या आणा. मग मी लगेच काम करतो."

मंजुळाबाई पिशवी आवळून उठल्या. सासूचा राग त्यांना परत नव्याने आला. सोळा सोनार! म्हणजे डोकरी दर वेळी वेगळ्या सोनाराकडे जायची, कुणाला पत्ता लागू नये म्हणून. केवढी आतल्या गाठीची बाई! येताना मेथी रिक्षातच राहिली, त्याचंही खापर त्यांनी मनातल्या मनात सासूवर फोडलं.

सह्या चार दिवसांत मिळाल्या. हितेशने कागद न वाचताच सही केली. मितेशने कागद तीन दिवस फ्रीजवर ठेवून चौथ्या दिवशी पोरीच्या तोंडाकडे बघून केली आणि आईशी जेवताना बोलला नाही. अडचण फोटोची होती. मंजुळाबाईंचा लग्नातला फोटो पुराच्या साली पाण्यात गेला. मग त्यांना आठवलं, शेजारच्या शकूच्या लग्नात सासूने ही माळ शकूच्या गळ्यात घातली होती. चांगलंच आठवलं, कारण तेव्हाही त्यांचं डोकं फिरलं होतं.

शकू म्हणजे परशुरामची बायको. परशुराम दामाजींचा भावकीतला, म्हणून शकू मंजुळाबाईंना वयनी म्हणते. माहेर मिठागरावरचं, बाप मिठाच्या टोपल्या वाहायचा. लग्नात अंगावर माहेरचं सोनं म्हणून एक मणीही नव्हता. आता तिचा मुलगा तीन डंपरचा मालक आहे आणि शकूच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या आहेत, पण फोटो अजून त्याच पत्र्याच्या डब्यात.

काळ्या-पांढऱ्या फोटोत शकू पाटावर बसलेली, घाबरलेली, आणि गळ्यात माळ. मंजुळाबाईंनी चष्मा लावून पुतळ्या मोजल्या. बारा.

"बाराच कशा गं? आता तर सत्तावीस हायत."

शकूने त्यांच्याकडे बघितलं. मग उठली, दार लोटून आली आणि शेजारी बसली.

"वयनी, माळ आता कशाला काढलीस?"

मंजुळाबाईंनी सगळं सांगितलं. पोरांचं, समृद्धीचं, प्रेमशेठचं, सोळा सोनारांचं. आणि मग, एवढं बोललोच आहोत तर, दुधाच्या पैशांचंही. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, दामाजींनासुद्धा नाही. शकूने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अगो बाय माझे! दुधाचा पैसा डोकरीने तुझ्या पोरांच्या शाळेला लावला नि जमिनीच्या कोर्टाला लावला. पुतळ्या आमच्या हायत."

"कुणाच्या?"

"आमच्या. तेरावी माझी हाय."

मग तिने जे सांगितलं ते साधंच होतं. गावात ज्या पोरीच्या अंगावर घालायला सोनं नसेल, तिच्या घरी हळदीच्या आदल्या दिवशी म्हातारी स्वतः जायची आणि माळ देऊन यायची. मागायला लावायची नाही. सासरच्यांनी विचारलं तर माळ पोरीच्या माहेरची, असं ठासून खोटं बोलायची. पुढे त्या पोरीचे दिवस पालटले, नवरा कंपनीत लागला, कोंबड्या विकल्या, भिशी लागली, की ती येऊन एक पुतळी देऊन जायची. पुढच्या पोरीला माळ भारी दिसावी म्हणून. सक्ती नव्हती. कितीतरी जणींना कधीच जमलं नाही. सोळा जणींना जमलं.

"मी मागच्या दाराने दिलेली," शकू म्हणाली. "तू तेव्हा म्हशीखाली बसलेलीस. डोकरी बोलली, माझ्या सुनेला कळू देऊ नको."

हे मंजुळाबाईंना लागलं. "का? मी कोण परकी होते?"

"मी पण हाच सवाल केलेला. तर बोलली, सुनेला कळलं तर ती मोजत बसेल, कोणी घातली नि कोणी नाय. मग जिने नाय घातली ती मांडवात मान वर करणार नाय."

म्हातारीने मंजुळाबाईंना बरोबर ओळखलं होतं. त्यांनी मोजलं असतं. नावासकट मोजलं असतं, आणि नळावर सांगितलंही असतं.

"मग ती गेल्यावर कुणी मागायला का आलं नाय?" त्यांनी विचारलं, जरा घुश्शातच.

"आलेली ना. काळुरामची बायको आलेली, तिच्या पोरीच्या, रचनाच्या लग्नाला. तिची स्वतःची पुतळी हाय त्या माळेत. तू तिला चहा दिलास आणि सांगितलंस, लॉकरची चावी सापडत नाय. मग परत कोण येणार?"

ते खरं होतं. चावी तेव्हा मंजुळाबाईंच्या कमरेला होती. त्या दिवशी शकूच्या घरात त्या रडल्या. सासूच्या मयताला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ते बारा वर्षं उशिरा आलं, आणि शकू त्यांची पाठ चोळत राहिली.

तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कल्याणला गेल्या. पोरांचा तिढा काही मिटला नव्हता. प्रेमशेठने फोटो बघितला, सह्या बघितल्या, खूश झाले आणि एक छापील कागद पुढे सरकवला. मंजुळाबाईंनी तो त्यांना वाचून दाखवायला सांगितला. सदर ऐवज माझ्या वाडवडिलांचा असून त्यावर माझ्याखेरीज अन्य कोणाचाही हक्क नाही.

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं.

"ह्याच्यावर मना सही करता येणार नाय, शेठ."

प्रेमशेठला वाटलं, बाई भाव वाढवून मागतेय. ते कॅल्क्युलेटर पुढे करायला लागले. मंजुळाबाईंनी माळ गादीवर ठेवली. "तुम्ही बोललात ते बरोबर. ही एका घरची नाय. अकरा माझ्या घरच्या. तेवढ्याच विकायच्या. तेवढ्यांपुरता कागद करा. दोरा कापा."

"मावशी, अख्खी माळ असती तर तशीच कुणाला तरी दिली असती मी. सुट्या अकरा म्हणजे मोड. आज संध्याकाळी भट्टीत जाणार."

मंजुळाबाईंनी मान हलवली. कात्री प्रेमशेठनेच चालवली. जाड अकरा तराजूत गेल्या. पातळ सोळा मंजुळाबाईंनी रुमालात बांधल्या आणि ह्या खेपेला वर मेथी वगैरे काही ठेवलं नाही.

दोन्ही मुलांच्या खात्यात सारखे पैसे पडले. हितेश म्हणाला, "कमी वाटतात. शेठने घट जास्त धरली असेल." मंजुळाबाई म्हणाल्या, "माझ्या हक्काचं होतं तेवढं सगळं विकलं. आता हळदीला ये." हितेशने येतो म्हणून सांगितलं. समृद्धीने फोनवर आजीला तीन मुके दिले. तिला पुतळ्यांचं सोयरसुतक नव्हतं, तिचा काका येणार होता.

पुढचे आठ दिवस मंजुळाबाई गावभर फिरल्या. शकूने सोळा नावं बोटांवर मोजून दिली होती. कोणती पुतळी कुणाची ते त्या त्या बाईला बरोबर ओळखू यायचं. एक म्हणाली, माझीला कडीजवळ पोचा आहे. दुसरी म्हणाली, माझीवरच्या बाईला नाक नाही, सोनार दारुडा होता. दोघी वारल्या होत्या. एकीची पुतळी तिच्या सुनेने घेतली, दुसरीची मुलगी दिवा स्टेशनला राहते म्हणून मंजुळाबाई दिव्याला गेल्या. ती चौथ्या मजल्यावर पाण्याचे कॅन चढवत होती. आईची पुतळी हातावर ठेवल्यावर ती कॅनवरच बसली. आईने कधी सोनं केलं होतं, हेच तिला माहीत नव्हतं.

प्रत्येक दारात मंजुळाबाई दोन वाक्यं बोलायच्या. पहिलं सोपं होतं: ही तुमची वस्तू, माझ्याकडे राहिली होती, घ्या. दुसऱ्याला जीभ उचलायची नाही. आयुष्यात त्यांनी कुणाकडे वाटीभर साखर मागितली नव्हती. दामाजींच्या घराने गावाला दिलं होतं, घेतलं नव्हतं, आणि ह्या गोष्टीचा त्यांना केवढा तोरा होता, ते गावाला विचारा. पहिल्या दारात त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. शेवटी आतून शकूनेच ओरडून विचारलं, "अगो वयनी, काय पाहिजे ते बोल ना!"

"माझे नातीला हळदीपुरती उसनी देशील का?"

शकूने दिली. एक जण सोडून सगळ्यांनी दिली. दिव्याच्या मुलीने दिली आणि हळदीला येते म्हणाली. काळुरामच्या बायकोने पुतळी घेतली, पदराच्या टोकाला बांधली आणि दुसरं वाक्य पूर्ण ऐकून दार लोटायला घेतलं. मंजुळाबाई "बरोबर हाय तुझं," एवढं म्हणून पायऱ्या उतरल्या. वाटेत त्यांना अपमान वाटला, आणि तो आपल्याला वाटायलाच हवा होता, असंही वाटलं.

हळदीच्या आदल्या रात्री पंधरा पुतळ्या त्यांनी नव्या लाल दोऱ्यात ओवल्या. हलकी झाली होती माळ.

हळदीचा मांडव म्हणजे आमच्याकडे काय असतं, ते वेगळं सांगायला नको. डीजे होता, दोन पंगती उठल्या होत्या, पोरं नाचून घामाघूम झाली होती. मग डीजे बंद झाला आणि पाटासमोर लक्ष्मी बसली. लक्ष्मी धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्याही आधी तिचा मान. ती धवले म्हणजे लग्नाची गाणी म्हणते आणि गाण्यातून घरातल्या एकेकाला नावाने हाक मारते. नाव आलं की त्या माणसाने उठून नवरीला हळद लावायची. आजीचं नाव आलं, आई-बापाचं आलं, आणि लक्ष्मीने चुलत्याचं नाव घेतलं.

हितेश आला होता. नवा सदरा घालून मांडवाच्या खांबाशी उभा होता. नाव आल्याबरोबर तो पुढे झाला, पाटापर्यंत आला, आणि त्याने समृद्धीच्या गळ्याकडे बघितलं. तिथेच थांबला.

"आये." आवाज बारीक होता, पण डीजे बंद होता. "विकली बोललीस ना तू?"

मितेश उठायला लागला. मंजुळाबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला बसवलं.

"विकली."

"मग हे काय? माझ्या हातात अर्धे टेकवले आणि माळ त्याच्या पोरीला! दोन वर्षं मी उगाच वेडा ठरलो काय?" आता तो ओरडत होता. "सगळ्यांसमोर सांग, कुणाला फसवलंस तू!"

समृद्धीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, हळद ओघळत होती. तिने माळ काढायला हात वर नेले. मंजुळाबाईंनी ते हात धरले आणि उठून उभ्या राहिल्या. गुडघे खरोखरच दुखत होते.

"आपल्या अकरा होत्या, हितेश. अकराच्या अकरा विकल्या, तुम्हा दोघांना वाटल्या. त्या त्याच दिवशी आटवल्या. ही माळ मी मागून आणलीय. आठ दिवस दारोदार फिरून."

"कुणाकडे मागितलीस?" हितेशने विचारलं. त्याचा त्यावर विश्वास बसत नव्हता, आणि कळत होतं की खरं आहे.

"एक माझ्याकडे," शकू जागेवरूनच म्हणाली. "ती, कडीजवळची तिसरी."

"एक माझे आयसची," दिव्याची मुलगी म्हणाली.

मग आणखी एक जण बोलली, आणखी एक. कुणी मोठ्याने, कुणी नुसता हात वर करून. त्यातल्या निम्म्या बायका हितेशला लहानपणापासून काकी, आत्या म्हणून माहीत होत्या. तो एकेकीकडे बघत गेला. समृद्धीसमोर गुडघ्यावर बसला, हळदीत बोटं बुडवली, पण ती तिच्या गालाला न लावता त्याने दुसऱ्या हाताने माळ उचलून धरली. एकेक पुतळी अंगठ्याखालून सरकवत गेला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आये," त्याने मान वर न करता विचारलं, "ह्यातली आपली कुठली?"

"एकपण नाय रे."

हितेशने हळद लावली. ती समृद्धीच्या कानापर्यंत गेली. लक्ष्मीने पुढचं नाव घेतलं.